सोमवारचं उत्तर

१

उत्तरांच्या पाकिटाची लाख फुटलेली आहे, हे दिग्रसच्या एका क्लासमध्ये गुरुवारी दुपारी लक्षात आलं. संध्याकाळ व्हायच्या आत संगीता आडे चोर ठरली होती.

मला ते शुक्रवारी सकाळी कळलं. मी गोठ्याजवळ बसलो होतो. बैल रवंथ करत होते आणि मलाही कुठं जायचं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"नाईकबा, तुम्ही येता का इकडं?" संगीता होती. आम्ही बंजारा लोक आपसात गोरबोलीत बोलतो, इथं मराठीत लिहितो आहे.

"काय झालं, बाई?"

"मले चोर म्हणून राह्यले."

एवढं बोलून ती गप्प झाली. रडली असती तर मी फोनवरच समजूत घातली असती. ती रडत नव्हती, म्हणून मी उठलो.

मी हरिसिंग, रामधन नाईक तांड्याचा नाईक. तांड्यात कुणाचं बिनसलं की दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं आणि काय ते सांगायचं, हे नाईकाचं काम. आता ते काम फारसं उरलं नाही. दसरा-दिवाळी उलटली की तांडा ऊस तोडायला सांगली-साताऱ्याकडं निघून जातो. मागं राहणाऱ्याला भांडायलासुद्धा समोर माणूस मिळत नाही. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलं पुण्यात असतात, सणाला फोन करतात. एखाद्या दिवशी बैलांशिवाय मी कुणाशीच बोललेला नसतो.

संगीता आमच्या तांड्याची, दिग्रसला खोली करून कॉलेज शिकलेली. एमबीएला प्रवेश मिळवायचा तर सगळ्या राज्याची मिळून एक परीक्षा असते. तिच्यात काम आणि काळ, वेग आणि अंतर, अशी गणितं झपाझप सोडवावी लागतात. तिची तयारी करून घेणाऱ्या त्या क्लासनं रविवारी एक चाचणी घेतली होती. जो पहिला येईल त्याला परीक्षेपर्यंत शिकवणी, राहणं, जेवण सगळं फुकट. जागा एकच. संगीता पहिली आली होती.

ती जागा गेली तर काय, हे मला माहीत होतं. तिचा भाऊ प्रेम परवा टोळीबरोबर निघणार होता. उसाच्या फडावर त्याची लेकरं सांभाळायला संगीता ट्रकमध्ये बसणार होती. जागेची यादी उद्या लागायची होती.

मी फाट्यावर जाऊन काळीपिवळी पकडली.

२

क्लासचे मालक भगवानराव खुर्चीत मागं रेलून बसले होते. माणूस वाईट नाही, पण आवाज मोठा.

"या नाईक, बसा. चहा घ्या. पण आधीच सांगतो, चहा पिऊन निकाल बदलत नसतो."

"मी निकाल बदलायला नाही आलो. काय झालं ते ऐकायला आलो."

"ऐका मग. आमचा पेपर पुण्याहून येतो, उत्तरांसकट, लाख लावलेल्या पाकिटात. इथल्या माणसाचा हातच लागत नाही. म्हणून तर आईबाप विश्वास ठेवतात. गुरुवारी तपासायला पाकीट काढलं तर लाख मधोमध तडकलेली. मी म्हटलं, असेल पडलं-झडलं. उत्तरं जुळवली तर तुमची पोरगी तीसपैकी तीस! अक्षय नावाचा एक पोरगा आहे, व्यापाऱ्याचा. त्याचं एक चुकलं. तो आला भांडायला, म्हणे माझं बरोबर आहे, तुमचंच उत्तर चूक. पाह्यलं तर खरंच! पुण्यावाल्यांनी एका गणिताचं उत्तर चुकीचं दिलेलं. आता सांगा मले, पंचेचाळीस पोरांत एकीनंच नेमकं ते चुकीचं उत्तर कसं लिहिलं?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"पाकीट पाह्यल्याशिवाय येते का असं? शिवाय शनिवारी ती बाहेरच्या टेबलावर फोटो द्यायला आलती. उज्ज्वलाबाई चहा सांगायला खाली गेल्या, ही एकटीच बसून होती. पाकिटाचं कपाट तिथंच मागं. बोला."

"ते गणित बघू द्या."

त्यांनी कागद पुढं सरकवला. मी एकेक शब्द जुळवत वाचलं. एक बैलजोडी एका वावराची वखरणी दहा दिवसांत करते, दुसरी जोडी तेच वावर पंधरा दिवसांत वखरते. दोन्ही जोड्या मंगळवारी सकाळी एकत्र जुंपल्या, तर काम कोणत्या वारी संपेल? खाली चार वार दिलेले होते.

"दोन्ही मिळून सहा दिवस लागतात," भगवानराव म्हणाले. "पहिली जोडी रोज दहावा हिस्सा करते, दुसरी पंधरावा. दोघींचा मिळून सहावा. इथपर्यंत सोपं आहे. आता तुम्हीच मोजा. मंगळवारी जुंपलं, सहावा दिवस कोणता?"

मी बोटं मोजली. "सोमवार."

भगवानराव इतके हसले की चहा बशीत सांडला. "नाईक! तुम्ही पण पाकीट फोडलं का काय?"

माझे कान तापले. मी अक्षरं शिकलो तेव्हा पन्नाशी उलटलेली होती, आणि हिशेबाचं तर तेव्हाही अवघडच होतं. कुठंतरी बोट सुटलं असेल असं वाटलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा मोजायची लाज वाटली.

"रविवार येतो, रविवार," ते डोळे पुसत म्हणाले. "अन् सोमवार तर अजिबातच नाही. माझं वावर आहे फुलसावंगीला. सोमवार म्हणजे महादेवाचा वार. आमच्याकडं त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. सोमवारी वखरणी संपली म्हटलं तर बैलालेही हसू येईन!"

मी चहा संपवला. भगवानराव हसता हसता काहीतरी मोलाचं बोलून गेले होते. पण काय, ते मला त्या वेळी कळलं नाही.

३

उज्ज्वलाबाई बाहेरच्या टेबलावर फी घ्यायचं काम करतात. नवरा मारेगावला नोकरीला, मूलबाळ नाही. डबा त्या टेबलावरच एकट्या खात होत्या. मला पाहून त्यांनी झाकण लावलं.

"जेवा तुम्ही."

"जेवतेच रोज. मालकांनी पाठवलं का?"

"नाही. संगीतानं."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. "मी तिच्याविरुद्ध काही बोलली नाही बरं का. ती एकटी बसलती, एवढंच सांगितलं. खोटं कसं सांगू?"

"कपाटाला कुलूप होतं?"

"होतं ना. चावी माझ्या पर्समध्ये, अन् पर्स माझ्या खांद्यावर. दुसरी चावी गणिताच्या राजकुमार सरांजवळ."

"म्हणजे ती बसली होती तेव्हा कपाट बंद होतं."

"बंद होतं. मी मालकांना म्हटलंही. ते म्हणाले, कुलूप काय, पिननं उघडते."

"लाख कधी तडकली?"

"ते नाही सांगता येत. पण शनिवारी सकाळी मी पाकीट पाह्यलं तेव्हा लाख नीट गोल होती. गुरुवारी पाह्यली तर दोन रंगांची. खालची काळपट, वरची लाल."

"कुणी दुसऱ्यांदा लावली?"

"तसंच दिसते. फोडली, मग घाईनं लावली, मग ती पुन्हा तडकली." त्यांनी आवाज उतरवला. "अन् काका, एक सांगू? पोरगी लाख कुठून आणणार? मेणबत्ती कुठून आणणार? चोरानं बघून पाकीट तसंच ठेवलं असतं."

ही गोष्ट बाईंनी मालकांना सांगितली नव्हती. मी विचारलं, काहून? त्या म्हणाल्या, "त्यांनी विचारलं नाही. या टेबलाले कोनी काही विचारत नाही."

जाता जाता मी सहज म्हटलं, "पुण्याहून पाकीट घेऊन येतो तो माणूस रोजचाच का? त्याला विचारता येईल."

उज्ज्वलाबाई माझ्याकडं पाहतच राहिल्या.

"आता तुम्ही म्हटल्यावर वाटते. सात वर्षं झाली मले या टेबलावर. टपाल येते, लाईट बिल येते. पाकीट घेऊन आलेला माणूस मी कधी पाह्यलाच नाही. चाचणीच्या आधी ते कपाटात असतेच."

४

अक्षय क्लासच्या खाली, मोटारसायकलवर बसून मोबाईल बघत होता. गोरा, कपड्यांना इस्त्री. बापाचा कापसाचा व्यापार. मी मनात ठरवूनच गेलो होतो की हा पोरगा उर्मट निघणार.

"तुम्ही तिचे आजोबा?"

"तिच्या तांड्याचा नाईक."

"काका, मी तिचं नाव घेतलं नव्हतं. मी फक्त म्हटलं, माझं गणित बरोबर आहे. बरोबर आहे तर म्हणू नको?"

"म्हण ना."

"मले जागा पण नको होती. बाबा फी भरतात. मले पहिला नंबर पाह्यजे होता." तो थोडा ओशाळला. "ती दरवेळी पहिली येते. एका मार्कानं, दोन मार्कानं. मी बाराशे गणितं सोडवली दिवाळीच्या सुट्टीत. ती काय सोडवते कोण जाणे, तिच्याजवळ पुस्तकं पण नाहीत. माझीच जुनी नेते."

"तुझी?"

"नेते ना. परत पण आणून देते, पुस्तकाला कव्हर घालून." तो हसला. "म्हणून तर पटत नाही, काका. जिले येते ती कायले पाकीट फोडेल? पण मग सोमवार कसा लिहिला?"

"तू भांडायला गेलास तेव्हा राजकुमार सर होते?"

"होते. तेच शिकवतात गणित. मले वाटलं, फळ्यावर सोडवून दाखवतील. ते नुसते फळ्याकडं पाहत उभे राह्यले. मग खडू ठेवून दिला अन् खाली निघून गेले. सरांचं असं कधी होत नाही. तोंडातून गणित संपायच्या आधी ते उत्तर सांगतात."

मला ऑफिसमधलं माझं चुकलेलं मोजणं टोचत होतं. या पोराची लाज वाटली नाही. मी म्हटलं, "बाबा, मले एकदा मोजून दाखव. हळूहळू."

त्यानं एकेक बोट मिटत मोजलं. "मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार..."

"थांब."

"काय झालं?"

मी ऑफिसमध्ये मोजलं होतं तेव्हा त्या ठिकाणी माझं बोट मिटलंच नव्हतं.

५

संगीता बसस्थानकाच्या मागच्या बाकावर बसली होती. खोली सोडलेली, पिशवी भरून शेजारी ठेवलेली. मी बसलो तरी तिनं वर पाहिलं नाही.

"मी नाही फोडलं, नाईकबा."

"मी विचारलं नाही. एक गणित सांग. मंगळवारी ट्रॅक्टर लावला, सहा दिवसांचं काम. कधी संपेल?"

"रविवारी."

"आता ट्रॅक्टर नाही. वखर. मंगळवारी बैल जुंपले, सहा दिवसांचं काम."

"सोमवारी," ती लगेच म्हणाली. मग स्वतःच दचकली. माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले. मंगळ, बुध, गुरू, आणि तिनं हात तोंडावर नेला.

"शुक्रवार," ती म्हणाली.

"हो."

इथं बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. फुलसावंगीचे लोक सोमवारी बैल जुंपत नाहीत, आजूबाजूच्या गावांत आणि दुसऱ्या तांड्यांतही तसंच. आमच्या तांड्यात सोमवारी जुंपतात. आम्ही शुक्रवार पाळतो. रामधन नाईकाच्या काळात एका शुक्रवारी वीज पडून वखराला जुंपलेली जोडी जागच्या जागी गेली, जू मानेवर तसंच. तेव्हापासून बायकांनी शपथ घातली ती आजवर कुणी मोडली नाही. आमचं लेकरू बोटं मोजायला शिकतं ते असं शिकतं. बैलाचं काम असेल तर गुरुवारनंतर शनिवार.

"मले दिसलाच नाही शुक्रवार," संगीता म्हणाली. "परीक्षेत मिनिटभर मिळतं. सहा दिवस काढले अन् घरी मोजतात तसं मोजून मोकळी झाली. किती मूर्ख मी!"

"मूर्ख असशील. पण चोर नाहीस. ही चूक घरून आली."

ती हसली नाही. "मी मालकांना सांगितलं तर म्हणतील, आता गोष्ट रचली. पाकिटात पण सोमवारच आहे ना, नाईकबा. पुण्याच्या माणसाले आपला शुक्रवार कसा माहीत?"

पोरगी हुशार आहे. मी तिथवर पोचलो नव्हतो, तिनं मला नेलं.

मी म्हटलं, "नीट विचार कर. साधं मोजणाऱ्याचा रविवार येतो. सोमवार पाळणाऱ्याचाही रविवारच येतो, काम आदल्या दिवशीच संपतं. भगवानराव म्हणाले ते खरं आहे, त्यांच्याकडं सोमवारी वखरणी संपूच शकत नाही. हे उत्तर लिहिणारा सोमवारी बैल जुंपतो आणि शुक्रवारी सोडतो. असा तांडा एकच आहे."

"म्हणजे पेपर आपल्यातल्या कुणी काढला?"

"पाकीट आणणारा माणूस सात वर्षांत कुणी पाहिला नाही. पुण्याहून काही येतच नसेल. इथलंच कुणीतरी लिहितं आणि कपाटात ठेवतं. कपाटाची दुसरी चावी कुणाकडं आहे?"

संगीता उठून उभी राहिली. "सरांकडं. पण सर तर पुण्याचे."

"तसं ते म्हणतात."

६

राजकुमार सर शेवटच्या वर्गात एकटेच होते. पोरं गेलेली. चाळिशीचा माणूस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. ते फळा पुसत होते, पण फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी दारातच उभा राहिलो आणि विचारलं, "तुझ्या बापाचं नाव भीमसिंग होतं का?"

"नाही, मी पुण्याचा आहे," ते म्हणाले. "माझे वडील..."

पुढं त्यांना बोलता आलं नाही. प्रश्न मी गोरबोलीत विचारला होता.

त्यांनी डस्टर टेबलावर ठेवला आणि पोरांच्या बाकावर बसले. मी समोरच्या बाकावर बसलो. बाक लहान, गुडघे अडत होते.

"कसं ओळखलंत?" त्यांनी मराठीतच विचारलं.

"शुक्रवारामुळं. मग आठवलं, भीमसिंग उसाच्या फडावरच गेला. त्याची बायको पोराला घेऊन परत आलीच नाही."

"याडीनं, म्हणजे आईनं, पुण्यात धुणीभांडी केली. मी सात वर्षांचा होतो. बापाचं एवढंच आठवतं, वखराच्या मागं चालताना तो माझी बोटं धरून वार मोजायचा. अक्षय आला ना भांडायला, तेव्हा मी फळ्यासमोर उभा राहिलो आणि मला एकदम कळलं चूक कुठून आली. बापाच्या हाताचा वास आला हो, खरंच."

"आणि लाख?"

"शनिवारी संध्याकाळी मीच फोडली. आगगाडीच्या एका गणिताची शंका होती. ते तपासलं, पुन्हा लाख लावली. बैलांचं गणित बघितलं नाही. त्यात काय बघायचं, असं वाटलं."

"पुण्याचं पाकीट म्हणजे तूच."

"भगवानरावांना ठाऊक आहे. त्यांनीच सांगितलं होतं, पुण्याचं नाव असलं की पोरं येतात. पेपर पुण्याचा, सर पुण्याचे. मलाही ते सोयीचं होतं. कुठला, कुणाचा, कुणी विचारायचं नाही."

"इथून तांडा किती लांब आहे ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. एकदा फाट्यापर्यंत आलो होतो. चहा प्यायलो आणि परत गेलो. कुणाच्या दारात जाऊन उभा राहू? काय म्हणू? तांड्यातून कोणी शोधायला पण नाही आलं."

खरं होतं ते.

मग मी म्हटलं, "उद्या यादी लागेल. पोरगी चोर म्हणून ट्रकमध्ये बसेल. ती चोर नाही हे या दिग्रसमध्ये तुला एकट्याला कालपासून माहीत आहे."

"मी बोललो तर नोकरी जाईल."

"जाईल," मी म्हटलं. त्याला बरं वाटावं असं माझ्याजवळ काही नव्हतं, आणि असतं तरी मी ते बोललो नसतो.

तो उठला. वरची गुंडी काढली आणि जिन्याकडं चालायला लागला.

७

भगवानरावांच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो. संगीता दाराशी, अक्षयही वर आलेला, उज्ज्वलाबाई टेबल सोडून पहिल्यांदाच आत. राजकुमारनं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. तांडा, शुक्रवार, लाख, पेपर कोण काढतो ते. बोलताना तो भगवानरावांकडं नाही, संगीताकडं बघत होता.

भगवानरावांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. उठून त्यांनी दार लावलं.

"हे पाहा," ते म्हणाले, "पोरीवरचा आळ गेला, मले आनंदच आहे. आपण असं करू. छपाईची चूक म्हणू. तिची जागा तिले देऊन टाकू, अक्षयचे बाबा फी भरतातच. फक्त ते पुण्याचं या खोलीतून बाहेर जायला नको. पटते का, बाई?"

सगळ्यांनी संगीताकडं पाहिलं. मीही पाहिलं. मला मनातून वाटत होतं, घे म्हणावं, घे. मी बोललो नाही.

"सर, रविवारच बरोबर आहे ना?" तिनं राजकुमारला विचारलं.

"हो."

"गणितात शुक्रवार सोडा असं लिहिलं नव्हतं. मी माझ्या मनानं सोडला. मग अक्षय तीसपैकी तीस, मी एकोणतीस." ती भगवानरावांकडं वळली. "जागा त्याची आहे. मले दुसरं पाह्यजे. यादीच्या खाली मोठ्या अक्षरात लिहा, संगीता आडेनं पाकीट फोडलं नाही. अन् ते कोणी फोडलं, काहून फोडलं, ते पण लिहा."

"ते लिहिलं तर पुण्याचं निघंन ना बाहेर!"

"निघू द्या."

"संगीता, वेडी का तू?" अक्षय मध्येच ओरडला. "घे ना जागा! मी नाही घेत!"

"तू काहून नाही घेत? तुझी आहे."

"मले तुले हरवायचं होतं. असं नाही."

"मग परीक्षेत हरव," संगीता म्हणाली. "शुक्रवार मोजून."

उज्ज्वलाबाईंना हसू आलं. भगवानरावांना आलं नाही. त्यांनी राजकुमारला उद्यापासून यायचं नाही म्हणून सांगितलं. यादीखाली मात्र ते लिहिलं गेलं, कारण उज्ज्वलाबाईंनी ते भगवानरावांना विचारण्याआधीच लिहून काचेला चिकटवलं.

रविवारी सकाळी ट्रक तांड्याच्या तोंडाशी उभा होता. बाया भांडी चढवत होत्या. प्रेमची दोन लेकरं आधीच वर बसली होती. संगीताच्या अंथरुणाची वळकटी वर गेलेली, ती स्वतः खाली उभी. परवापासून ती फारसं बोलली नव्हती. नाव परत मिळालं, जागा गेली.

फाट्याकडून राजकुमार चालत येताना दिसला. एका हातात बॅग, डोक्यावर पुस्तकांचं पोतं. तांड्यातली कुत्री भुंकत त्याच्या मागं लागली होती. तो माझ्यासमोर आला, पोतं उतरवलं आणि गोरबोलीत बोलायला लागला. फार वर्षांनी बोलत होता. अर्धे शब्द मराठी, क्रियापदं पुढची मागं झालेली. त्याला म्हणायचं होतं, बापाची जागा मला परत मिळेल का. तोंडातून निघालं ते असं काही होतं की बापालाच परत मागतो आहे.

ट्रकजवळच्या बाया हसल्या. संगीतानं त्याला वाक्य सुधारून दिलं. त्यानं ते तिच्या मागून म्हटलं, पोरगं पाढा म्हणतं तसं.

आमच्यात गेलेल्याची जागा नाईकानं सांगितल्याशिवाय कुणी घेत नाही. भीमसिंगच्या जागेवर आता तरोट्याच्या तणाशिवाय काही नव्हतं. मी बोट दाखवलं. "ती तिथं. छप्पर तुझं तू घाल."

मग तो प्रेमकडं वळला. "परीक्षेपर्यंत हिला मी शिकवतो. मला काही नको."

"अन् आमची लेकरं?" प्रेम म्हणाला. "अन् इथं तांड्यात कोण राह्यते? एकटी पोरगी, कोण पाहीन?"

"मी आहे," मी म्हटलं.

प्रेमनं बायकोकडं पाहिलं. ती लेकराला पदरात घेत म्हणाली, "मागच्या साली मीच पाह्यली ना लेकरं. याही साली पाहीन. उतरू दे तिले."

संगीता चाकावर पाय देऊन वर चढली, वळकटी ओढली आणि खाली टाकली. भाचीनं तिचा हात धरला, तो तिनं हळूच सोडवला. ट्रक निघाला. लेकरं दिसेनाशी होईपर्यंत ती रस्त्यावरच उभी होती.

हिवाळ्यात तांडा रिकामा झाला की संध्याकाळी माझी एकट्याची चूल पेटते. त्या संध्याकाळी मी भाकरी थापत बसलो असताना दुसरा धूर संगीताच्या घरातून निघाला. तरोटा उपटून केलेल्या मोकळ्या जागेवर राजकुमारनं तीन दगड मांडले होते. तो फुंकून फुंकून खोकत होता, पण चूल काही धरत नव्हती. काटक्या ओल्या होत्या आणि त्याला ते कळत नव्हतं. मी उठणार होतो. तेवढ्यात संगीता आपल्या चुलीतलं जळतं लाकूड हातात धरून, दुसऱ्या हातानं वारा अडवत, त्याच्याकडं जाताना दिसली.